सात किलोंचं स्टिअरिंग

कंपाउंडरबाई एकतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे उभ्या राहून औषधं मोजत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकाही बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत. दुसरे सांगतात तेव्हा मान खाली घालून, पण अगदी शेवटपर्यंत ऐकतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना त्याच नावाने हाक मारतात. अशा या बाईंना गेले दोन महिने एक साधं निदान जमत नव्हतं, आणि त्यापायी त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

गाडीचं स्टिअरिंग वळवताना जड लागत होतं. ते खरंच जड झालं होतं, की त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता?

प्रश्न एवढाच. पण या एवढ्याशा प्रश्नावर एका घराचा सगळा आठवडा टांगलेला होता. बाईंचे यजमान गाण्याचे मास्तर. त्यांची नजर गेल्या सहा वर्षांत हळूहळू विझत गेली, आता त्यांना उजेड आणि सावली तेवढी कळते. पण गळा शाबूत आणि कान त्याहून शाबूत. टेकडीवरच्या सभागृहात ते आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी प्रार्थनेची गाणी शिकवतात. तीस-पस्तीस माणसं येतात, त्यात दोन आज्ज्या आहेत, एक पोस्टमन आहे, आणि सगळे मिळून एका सुरात आले की देवालाही हातातलं काम खाली ठेवून कान द्यावासा वाटेल. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते. तिथून वर एकशे चाळीस पायऱ्या, कठडा अर्ध्यापर्यंतच. गाडी गेली की वर्ग गेला. आणि वर्ग गेला की मास्तरांचं काय राहील, हा विचार बाई मनात पुरता येऊच देत नसत.

गाडीवर दुसरीही एक नजर होती, आणि ती नजर काही वाईट नव्हती. बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी नुकतीच नर्स म्हणून नोकरीला लागली होती. पहाटे साडेपाचला हजर राहायचं आणि त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"ताई," धाकटी फोनवर म्हणाली होती, "गाडी सोळा वर्षांची, तू चौसष्ट वर्षांची. दोघींपैकी गंज कुणाला चढलाय हे सांगायला मेकॅनिक कशाला हवा?"

"चिमे, जीभ आवर."

"परवा त्या वळणावर तू दोन्ही हातांनी लोंबकळत होतीस. मी शेजारी बसले होते ना. भाऊजींना दिसत नाही म्हणून ते गप्प."

"मला ऐकू येतं," मास्तर पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाले. "ती वळताना श्वास रोखते."

बाईंनी यजमानांकडे असं पाहिलं, की दिसत असतं तर ते दोन पावलं मागे सरकले असते.

शेवटी ठरलं ते असं. धाकटी शनिवारी चार वाजता येणार. तोवर बाईंनी गाडीचं काय करायचं ते करून पाहावं. चार वाजता स्टिअरिंग हलकं झालेलं असेल तर विषय संपला. नसेल तर दोष खांद्याचा, आणि किल्ली भाचीला.

"आणि हलकं झालं की नाही हे ठरवणार कोण? तू?" धाकटीने विचारलं. "तू तर दात-ओठ खात हसून दाखवशील."

"काटा ठरवेल," बाई म्हणाल्या.

हा काटा म्हणजे प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा. वर पकडायला मूठ, मध्ये स्प्रिंग, खाली हूक. बाईंची युक्ती अशी, की तो हूक स्टिअरिंगच्या कडेला अडकवायचा, गाडी चालू करून चाकं जमिनीवरच ठेवायची, आणि मूठ धरून सरळ खाली ओढायची. स्टिअरिंग ज्या क्षणी हलायला लागेल त्या क्षणी काटा जो आकडा दाखवेल तेवढा त्याचा जडपणा. काट्याला ना वय ना खांदा. ओढणारा पैलवान असो की बाई, तो तेच सांगणार.

शनिवारी सकाळी आठला पहिलं माप घेतलं. बाईंनी ओढलं: सात किलो. मास्तरांनी ओढलं: सात. शेजारचा सुतार गाडी उचलायचा जॅक घेऊन आला होता, त्यालाही ओढायला लावलं. त्याचे हात म्हणजे ओंडके. तरी काटा सातावरच थांबला.

"बघ, जड आहे," मास्तर म्हणाले. "मिटलं की."

"कसलं मिटलंय? आपल्या गाडीला सातच लागत असतील पहिल्यापासून, असं चिमी म्हणेल. आधीचं माप कुठे आहे आपल्याकडे?" बाईंनी वहीत सात लिहून त्याच्याखाली वेळ लिहिली. "औषध दिल्यावर पारा उतरला, तरच आधी ताप होता म्हणायचं."

गॅरेजवाल्याकडे त्या जाऊन आल्या नव्हत्या असं नाही. त्याने बॉनेटही न उघडता "जुनी गाडी आहे मावशी, चालायचंच" म्हणून वाटेला लावलं होतं. नाडी न बघता औषध देणाऱ्या माणसाबद्दल बाईंचं एक ठाम मत होतं, ते त्यांनी तिथे मनातच ठेवलं. घरी येऊन त्यांनी गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली, आणि दीडशेव्या पानावर त्यांना कळलं की स्टिअरिंगलाही तेल असतं. एक पंप ते तेल दाबाने ढकलतो, आणि त्या दाबाच्या जोरावर एक मध्यमवयीन बाई एक टन लोखंडाचं तोंड दोन बोटांनी फिरवू शकते. हे तेल अधूनमधून बदलायचं असतं. सोळा वर्षांत त्यांनी ते एकदाही बदललं नव्हतं, कारण ते आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

देवाने माणूस घडवला तेव्हा गुडघ्यात, कोपरात, खांद्यात चमचा-चमचा वंगण घालून ठेवलं, आणि आपणही जन्मभर त्याची आठवण काढत नाही. दुखल्यावर काढतो. गाडी घडवणाऱ्यांनी निदान ते पुस्तिकेत तरी लिहून ठेवलं होतं.

बाईंनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कडेला मुठीएवढा प्लास्टिकचा डबा, त्यावर स्टिअरिंगचं चित्र. झाकणालाच खाली एक काडी होती. त्या काडीवरचा थेंब त्यांनी पांढऱ्या टिपकागदावर उतरवला. नव्या तेलाचा रंग पुस्तिकेप्रमाणे माणकासारखा लाल. कागदावर पसरला तो डाग काळपट तपकिरी होता, मध्ये बारीक कणी.

"वास घ्या," त्यांनी कागद मास्तरांच्या नाकाशी धरला.

"जळकं रबर," मास्तर म्हणाले. "आणि थोडं जुनं कपाट."

"कपाट कुठून आलं?"

"तू विचारलंस, मी सांगितलं."

सुताराने गाडीची पुढची बाजू जॅकने उचलली, खाली आधाराला लोखंडी घोडे लावले, मागच्या चाकांना ठोकळे दिले, गाडी हलवून खात्री केली आणि तो कामावर गेला. पुढची दोन्ही चाकं आता अधांतरी होती. बाईंनी दवाखान्यातला जुना पांढरा कोट चढवला. मोठी सिरिंज घेऊन डब्यातलं तेल शोषून काढलं आणि मोजपात्रात ओतलं: दोनशे ऐंशी मिली. ते उजेडात धरून पाहिलं, तर आरपार काही दिसेना.

डबा दोन स्क्रूंवर होता. तो सोडवून त्यांनी तळात बॅटरी मारली. तळाला एक बारीक जाळी होती, चहाच्या गाळणीहून बारीक, आणि ती चिखलाने जवळजवळ बुजलेली. दोन-चार भोकांतून काय तो उजेड येत होता.

"सापडलं," बाई हळूच म्हणाल्या. आवाज हळू होता, पण एकतीस वर्षांत निदान जुळलं की असाच हळू निघायचा.

"काय?"

"छातीत कफ झालाय हो गाडीला. तेल जायला वाटच नाही."

डबा आणि जाळी त्यांनी आधी रॉकेलने धुतली, जुन्या दातघासणीने घासली, सुकवली. मग अर्धी वाटी नवं तेल घेऊन आतून विसळली आणि ते तेल टाकून दिलं.

"चांगलं तेल का टाकलंस?" मास्तरांनी विचारलं. त्यांना थेंबांचा आवाजही सुटत नसे.

"शेवटचं विसळणं जे भरायचं त्यानेच. दवाखान्यातली शिस्त."

डबा पुन्हा बसवला. आता खरं काम होतं. नळ्यांत, पंपात, चाकांजवळच्या लांब नळकांड्यात जुनं तेल अजून होतंच; नवं घालून ते बाहेर ढकलायचं. त्यासाठी डब्यात परत येणारी नळी बाईंनी पक्कडीने क्लिप दाबून सोडवली, डब्याचं ते तोंड बुचाने बंद केलं, आणि नळीचं टोक एका रिकाम्या बाटलीत सोडलं. त्या बाटलीवर आधीच लाल शाईने 'विष' असं लिहून चिठ्ठी लावलेली होती. आता बाई डब्यात नवं तेल ओतत राहणार आणि दुसऱ्या कुणीतरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. इंजिन बंद, चाकं हवेत. दुसरं कुणीतरी म्हणजे घरात एकच माणूस होतं.

मास्तर चाचपडत ड्रायव्हरच्या जागेवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. थोडा वेळ तसेच बसून राहिले.

"काय झालं?" बाईंनी बॉनेटच्या आडून विचारलं.

"काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा या बाजूला बसलोय. इथून कसं दिसतं?"

"तुम्हाला काय फरक पडतो?"

"तेही खरंच. बरं, कुठे जायचं?"

"डावीकडे. पूर्ण. हळूहळू."

"आता?"

"आता उजवीकडे. टोकाला नेऊन दाबून धरू नका, लगेच परत फिरवा."

"म्हणजे विलंबित लयीत."

"तुम्ही फिरवा हो, लय नंतर."

मास्तर फिरवू लागले. नळीतून गचके देत काळं तेल बाटलीत पडू लागलं. पाचव्या फेरीला ते तपकिरी झालं, नवव्या फेरीला विटकरी. बाई एका हाताने ओतत होत्या, डोळे नळीवर. ओतायच्या आधी त्या प्रत्येक वेळी बाटलीचं झाकण लावून ती बारा वेळा खालीवर हलवत होत्या, मग ओतत होत्या. चौदाव्या फेरीला नळीतून स्वच्छ लाल तेल आलं. बाईंनी ते टिपकागदावर घेतलं, सकाळच्या काळ्या डागाशेजारी. दोन डाग शेजारीशेजारी पाहून त्यांना इतकं समाधान वाटलं, की तो कागद त्यांनी वाळवून वहीत ठेवला.

नळी जागेवर लागली, क्लिप बसली. डबा खुणेपर्यंत भरला. दुपारचे साडेबारा वाजत होते. बाईंनी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली आणि बॉनेटखालून एक कण्हणं आलं. दारात शेपूट अडकलेल्या मांजरासारखं, लांबलचक, मध्येच घोगरं होणारं. बाईंनी स्टिअरिंग वळवलं, तर ते गचके देत अडखळलं आणि कण्हणं दुप्पट झालं. सकाळपर्यंत ही गाडी जड होती, पण मुकी होती.

बाईंनी इंजिन बंद केलं. सुताराला बोलावून गाडी खाली उतरवली, पुन्हा सुरू केली, काटा अडकवला, ओढला. नऊ.

सुताराने काट्याकडे पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि "मी जेवून येतो" म्हणून निघून गेला.

"बंद कर ते," मास्तर म्हणाले. "त्याला त्रास होतोय."

बाई पायरीवर बसल्या. सातचे नऊ झाले होते. चार वाजता धाकटी येणार होती, आणि तिला आता वादही घालावा लागणार नव्हता. खांदा गेला तो गेला, वर चांगली चालती गाडी हाताने बिघडवून भाचीच्या गळ्यात मारायची. पंप खराब केला असेल तर? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण कुठल्याही क्षणी येईल असा चेहरा झाला. मास्तरांना तो दिसला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "श्वास का रोखलास?"

"मी काहीतरी चुकले."

"काय?"

आणि तो साधा प्रश्न ऐकून बाई हळूहळू उभ्या राहिल्या. काय, हे तर पाहिलंच नव्हतं. रोगी कण्हायला लागला म्हणून कंपाउंडर पायरीवर बसली, असं दवाखान्यात कधी झालं नव्हतं.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत तेल लाल नव्हतं. गुलाबी होतं, दुधाळ, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखं. सिरिंजने थोडं काढून त्यांनी काचेच्या पेल्यात घेतलं आणि पेला खिडकीत उन्हाला ठेवून समोर खुर्ची ओढून बसल्या.

"काय चाललंय?" मास्तर.

"बघतेय. एक तर यात पाणी शिरलंय, नाहीतर हवा. पाणी जड. पाणी असेल तर ते तळाला बसेल. हवा असेल तर ती वर जाईल आणि तेल तळापासून निवळत येईल."

"म्हणजे आता नुसतं बघत बसायचं?"

"हो."

मास्तर दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसले. एकाला दिसत होतं, एकाला नव्हतं, पण दोघंही त्या पेल्याकडे तोंड करून बसले होते. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पेल्याच्या तळाशी एक बारीक लाल रेघ उमटली. ती बोटाएवढी झाली. गुलाबी ढग वर सरकत होता, आणि त्याच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे चढत होते.

"हवा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा हळू झाला होता. "पण हवा शिरली कुठून? नळी घट्ट आहे. क्लिप मी दोनदा पाहिली. पातळी एकदाही खाली जाऊ दिली नाही."

त्या पुन्हा गाडीपाशी गेल्या. डब्यातलं दुधाळ तेल त्यांनी शोषून काढलं, नव्या तेलाची दुसरी बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि उलटी केली.

"थांब," मास्तर खुर्चीवरूनच म्हणाले. "हे दर वेळी कसलं खळखळ करतेस?"

"कसलं?"

"आत्ता केलंस ते. सकाळपासून ऐकतोय. ओततेस, मग खळखळ. पुन्हा ओततेस, पुन्हा खळखळ. बरोबर बारा वेळा. मला वाटलं, तेलाची काही रीत असेल."

बाईंचा हात बाटलीसकट हवेत थांबला.

वापरण्यापूर्वी बाटली हलवावी. दवाखान्यातल्या प्रत्येक बाटलीवर त्यांनी हे लिहिलं होतं, स्वतः प्रत्येक बाटली बारा वेळा हलवली होती, गाळ तळाला राहून पेशंटला नुसतं पाणी जाऊ नये म्हणून. एकतीस वर्षं हात तेच करत आला होता, आणि डोकं दुसरीकडे असलं तरी हाताने आज तेच केलं होतं. तेलाला गाळ नव्हता. त्यांनी फक्त त्यात हवा घुसळली होती आणि ती फेसाळ हवा मोठ्या काळजीने, खुणेपर्यंत मोजून, पंपाला पाजली होती.

बाई हसू लागल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत. उजवा खांदा दुखला, तरी हसत राहिल्या.

"काय झालं?"

"अहो, मी गाडीला औषध पाजलं."

मास्तरांना सगळं समजावून सांगितल्यावर तेही हसले, पण जरा बेताने, कारण संसारात किती हसावं याचा त्यांना अनुभव होता.

मग काही करायचं नव्हतं, हेच सर्वांत अवघड होतं. बाटली न हलवता, डब्याच्या कडेवरून धार सोडत त्यांनी नवं तेल भरलं आणि झाकण उघडंच ठेवलं. आत गेलेली हवा आपल्या पायांनी वर यायला हवी होती. दोघं जेवले. भांडी घासून झाली. मास्तरांनी संध्याकाळच्या गाण्याचा अंतरा दोनदा गुणगुणून पाहिला. बाई दर दहा मिनिटांनी बॅटरी घेऊन डब्यात डोकावत. बुडबुडे येत होते, एकेक, सावकाश, तळ्यातला मासा वर यावा तसे.

अडीचला सुताराने पुन्हा पुढची चाकं उचलून दिली. मास्तर पुन्हा ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि इंजिन बंद ठेवून त्यांनी वीस वेळा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, इतकं हळू की सुतार अवघडून दुसरीकडे पाहू लागला. तेलाची पातळी दोनदा खाली गेली. बाईंनी दोनदा भरली. धार कडेवरून, बाटली स्थिर.

"आता सुरू करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे उभे राहा आणि ऐका. मला नुसतं ओरडणं कळतं. कमी होतंय की वाढतंय ते तुम्ही सांगा."

किल्ली फिरली. कण्हणं आलं, पण मघाच्या निम्मंच. मास्तरांनी एक हात कानामागे धरला आणि त्या आवाजाला आपला सूर लावला, बारीक, तोंड मिटून. बाईंनी स्टिअरिंग डावीकडे नेलं, उजवीकडे आणलं. मास्तरांचा सूर किंचित उतरला. पुन्हा फेरी. पुन्हा उतरला. गायक खालच्या सप्तकात जातो तसं ते कण्हणं पायरी-पायरीने खाली येत होतं आणि मास्तर त्याचं बोट धरून बरोबर उतरत होते. सातव्या फेरीला मास्तर थांबले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"संपलं," मास्तर म्हणाले. "पुढे फक्त इंजिन आहे."

गाडी खाली उतरवली. काटा कुणी लगेच अडकवला नाही. पावणेचार झाले होते, आणि बाईंनी हात धुतले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, मगच हूक स्टिअरिंगच्या कडेला लावून मूठ ओढली.

तीन.

मास्तरांनी ओढलं. तीन. सुताराने ओढलं, आणि स्टिअरिंग त्याच्या अपेक्षेपेक्षा इतकं सहज फिरलं की त्याची मूठ सीटवर आपटली.

धाकटी बरोबर चारला आली. तिने आधी पांढरा कोट पाहिला, मग मेजावरची 'विष' लिहिलेली बाटली, मग ताईच्या कपाळावरचा तेलाचा डाग. मग तिने वहीतले आकडे वाचले.

"हे नऊ कसले मध्येच?"

"ते मी सांगतो," मास्तर म्हणाले.

"ते कुणी सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

धाकटीने स्वतः काटा ओढला. तीन. पुन्हा ओढला. मग ती गाडीतून उतरली आणि बहिणीच्या समोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हरल्याचं काही नव्हतं, वेगळंच काहीतरी होतं.

"गाडीचं कळलं, ताई. खांद्याचं काय?"

"ठरलं होतं ना? स्टिअरिंग हलकं झालं तर विषय संपला."

"संपला. किल्ली मागत नाही मी. पण तू मघापासून डाव्या हाताने पदर सावरतेयस."

गाडी मोजताना त्यांना सकाळपासून भूक लागली नव्हती, तहान लागली नव्हती, इतकं पुढचं जाणून घ्यावंसं वाटत होतं. आणि खांदा मोजायचं मात्र दोन महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. किंवा सुचलं होतं आणि त्यांनी ते दुसऱ्या कपाटात ठेवून दिलं होतं. हातात काटा तोच होता.

त्यांनी तो फाटकाच्या लोखंडी गजाला अडकवला. मूठ डाव्या हाताने धरून, दुखेपर्यंत ओढली. बारा. मग उजव्या हाताने. काटा पाचावर गेला, सहावर गेला, सातावर त्यांचा चेहरा आवळला, आठावर त्यांनी हात सोडला.

"आठ," त्यांनी स्वतःच वाचलं आणि स्वतःच लिहिलं.

बाई आकड्यांकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"म्हणजे चिमे, तूही बरोबर होतीस आणि मीही. गाडीला सात लागत होते आणि माझ्यात आठ होते. त्या वळणावर मी सगळंच्या सगळं खर्च करत होते, म्हणून लोंबकळत होते. आता तीन लागतात. पाच शिल्लक."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी कशाला, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोजू. गाडी पण, खांदा पण. दोन आकड्यांत दोनाचं अंतर राहिलं, की त्या दिवशी किल्ली तुझ्या पोरीला. मी मागून घेणार नाही, तू मागायला यायचं नाही, वही सांगेल."

"खांदा डॉक्टरांना दाखवायचा."

"दाखवते."

"सोमवारी."

"बरं, सोमवारी."

"तोवर पोरीला मी सोडेन पहाटे," मास्तर म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा."

धाकटीने वहीत तारीख घातली आणि खाली सही केली. मग मास्तरांना सही करायला लावली. ती ओळ सोडून तिरकी गेली, तरी चालली.

पाचला तिघं टेकडीवर निघाले, वर्गासाठी. मास्तर पुढे, धाकटी मागे. बाईंनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर दोन महिन्यांच्या सवयीने श्वास रोखून, कंबर टेकवून, सगळं बळ लावून स्टिअरिंग ओढलं. गाडी गर्रकन वळली आणि पदपथापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "जास्त लावलं."

मागून धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, कमी लावून बघ."

बाईंनी खांदे सोडले, गाडी मागे घेतली, आणि या वेळी स्टिअरिंगला किती पुरतं ते पाहत, बोटाबोटाने जोर वाढवत वळू लागल्या.